भंगार, पावती आणि पोलाद

आपल्या भाषेत 'भंगार' हा शब्द दोन कामे करतो. मोडलेल्या, टाकून दिलेल्या लोखंडाचे ते नाव आहे. आणि एखाद्या माणसाला, त्याच्या कामाला, त्याच्या बुद्धीला हिणवायचे असले की हाच शब्द फेकून मारला जातो. 'घिसाडघाई' या शब्दाची तीच तऱ्हा. एका अख्ख्या जमातीचे नाव पोटात घेऊन हा शब्द शाळेच्या निबंधात आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखात निष्काळजी उतावळेपणासाठी सर्रास वापरला जातो, आणि वापरणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तविक भट्टीतून काढलेला विळ्याएवढा पातळ तुकडा काही सेकंदांत काळा पडू लागतो. तेवढ्या वेळात घाव पडले नाहीत तर तो पुन्हा तापवावा लागतो, कोळसा जातो, आणि वारंवार तापवल्याने पोलादातला कर्बही जळत जातो. म्हणजे ज्याला बाकीचा समाज घाई म्हणतो ते या धंद्याचे शास्त्र आहे.

मी घिसाडी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या कुळात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांनी भट्टी लावली, आईने घण मारला आणि त्या घणावर माझी फी भरली गेली. दलित साहित्याने आणि पुढे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी आमच्यासारख्यांचे दुःख मराठी वाचकापर्यंत नेले. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. परंतु आपल्या श्रमाची तपशीलवार मांडणी, म्हणजे माल कोठून येतो, त्यात ज्ञान कोणते आहे, त्यावर हक्क कोणाचा, ही आपल्याकडे फार थोडी झाली. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. घिसाडी आपले लोखंड आणि आपली हत्यारे कशी मिळवतो, ती निवडताना काय पाहतो, आणि त्या मिळवण्याला चोरीचा वास कोणी लावला, हे समजून घ्यायचे आहे.

भंगार आले कोठून?

लोहार म्हणजे पूर्वापार भंगारावर जगणारा, अशी समजूत असेल तर ती प्रथम दूर केली पाहिजे. नागपूर जिल्ह्यातील नाईकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. ती इसवी सनापूर्वीच्या महापाषाणयुगीन लोकांची. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे तयार होणारे पोलाद इराणी व्यापारी येऊन घेऊन जात. म्हणजे खनिजापासून लोखंड आणि लोखंडापासून पोलाद करण्याची विद्या या भूमीवर होती, आणि ती हाताने काम करणाऱ्यांच्या हातात होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले स्वस्त लोखंड बंदरावर उतरले, रेल्वेने आत आले. जंगलावर सरकारी कायदे बसले, कोळसा महागला. आणि देशी भट्ट्या एकामागून एक विझल्या. ज्यांनी लोखंड निर्माण करायचे ते दुसऱ्याने निर्माण केलेले लोखंड वापरू लागले, आणि त्यातही ज्याच्याजवळ भांडवल नाही तो दुसऱ्याने वापरून टाकलेले लोखंड वापरू लागला. भंगारावरची लोहारकी ही अशी आधुनिक गोष्ट आहे.

आमच्या भागात ती रेल्वेबरोबर आणि मोटारीबरोबर आली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोचली. येडशी, ढोकी, तेर या बाजूने ती अरुंद रुळांची गाडी जवळजवळ शंभर वर्षे धावली. २००७-०८ च्या सुमारास तिची जागा रुंद मार्गाने घेतली. जिथे रूळ तिथे रुळाचे तुकडे, खिळे, पट्ट्या. पुढे सोलापूर-धुळे आणि सोलापूर-हैदराबाद हे रस्ते वाढले. तुळजापूर, येडशी, येरमाळा, नळदुर्ग, उमरगा येथे रस्त्याकडेला गॅरेजे उभी राहिली. ट्रकचा पाटा मोडला की जुना पाटा गॅरेजमागे पडे. आमच्या पालाची वाट या गॅरेजांवरून जाऊ लागली ती तेव्हापासून.

गावचा लोहार आणि आम्ही यांच्यातला फरकही ध्यानात घेतला पाहिजे. गावचा लोहार बलुतेदार. त्याला गावात घर, खळ्यावर ठरलेला वाटा. घिसाड्याला बलुते नाही. तो पेरणीच्या आणि सुगीच्या तोंडावर येणार, गावाबाहेर पाल ठोकणार, चार दिवस भट्टी लावणार, धान्य किंवा पैसा घेऊन पुढे जाणार. आमच्यात चव्हाण, पवार, सोळंके, साळुंके अशी आडनावे आहेत, बोली गुजराती-राजस्थानी-मराठी मिसळीची आहे, आणि आपण राणा प्रतापाच्या सैन्याची हत्यारे करणारे रजपूत, चितोड पडले म्हणून रानोमाळ झालो, अशी कथा वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. त्या अभिमानाचे कारण मी समजू शकतो. ज्याला वर्तमानात मान नाही तो भूतकाळात मान शोधतो. परंतु त्या कथेने आजवर एकाही पालाला गावठाणात जागा मिळालेली नाही.

लोखंड ओळखण्याची विद्या

आता प्रत्यक्ष मालाकडे वळू. लोखंडात कर्ब किती, यावर सगळे ठरते. साध्या मऊ लोखंडात तो पाव टक्क्याच्या आत असतो. ट्रकच्या पाट्यात साधारण अर्धा ते सहा दशांश टक्का, कानशीत एक टक्क्याहून अधिक. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, दोनपासून चार टक्क्यांपर्यंत. मऊ लोखंड तापवून कितीही पाण्यात बुडवा, त्याला धार राहत नाही. अर्धा टक्का आणि त्यापुढे कर्ब असला की पाणी धरते. आणि बिडाला घणाचा घाव घातला तर ते पसरत नाही, फुटते. हे आकडे मी महाविद्यालयात शिकलो. वडिलांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण भंगाराच्या ढिगासमोर उभे राहून कोणता तुकडा कशाचा हे ते क्षणात सांगत. त्यांच्याजवळ चार परीक्षा होत्या.

पहिली परीक्षा जन्माची. तुकडा पूर्वी काय होता हे कळले की निम्मे काम होते. ज्याने ओझे झेलले, वाकून पुन्हा सरळ झाला, तो पाटा किंवा स्प्रिंग. त्यात पोलाद आहेच. दुसरी आवाजाची. टांगून हातोडीने टिचकी मारली तर कडक पोलाद खणखणते, बीड बद्द वाजते. तिसरी ठिणगीची. सहाणेच्या चाकावर तुकडा धरला तर मऊ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ आणि कमी फुटणारी. कर्ब वाढत जाईल तसतशी ती आखूड होते आणि तिला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. चौथी आणि शेवटची परीक्षा आग-पाण्याची. टोक लाल करून पाण्यात बुडवायचे आणि कानस ओढून पाहायची. कानस घसरली तर माल कामाचा, चावली तर तो सांडशी-आकड्याच्या कामाला.

या परीक्षांवरून वाटणी ठरते. पाट्यापासून कोयता, विळा, खुरपे आणि कुऱ्हाडीचे तोंड होते. ॲक्सलच्या दांड्यापासून पहार आणि घण. गोल स्प्रिंग उलगडून छिन्नी आणि सुंभा. लाकडाच्या वखारीतल्या मोडक्या आऱ्याचे पाते विळीला. जुनी कानस अडकित्त्याला; तिच्यावरचे दात मात्र आधी घासून काढावे लागतात, नाहीतर तिथून चीर जाते. बांधकामावरचा उरलेला गज धारेच्या कामाचा नाही, पण चुलीची तिवई, सांडशी, कडी, खुंटी त्यातून होतात. बेअरिंगची कडी फार कडक, त्यात एक टक्क्याच्या आसपास कर्ब आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, जास्त तापली तर ती घणाखाली भुरभुरते. जुन्या ऑइल इंजिनचे बिडाचे चाक घडवता येत नाही, पण बुडाला वजन म्हणून उपयोगी पडते.

काय घेऊ नये, हेही या विद्येत येते, आणि विद्यार्थ्यांनी ते विशेष लक्षात ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप भट्टीत घातला तर त्याचा पांढरा धूर छातीत जातो, रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गाडीचा शॉकॲब्सॉर्बर किंवा दोन्ही तोंडे बंद असलेली कोणतीही नळी विस्तवात टाकली तर बॉम्बसारखी फुटते. फवारणीच्या औषधाच्या पिंपाचा पत्रा तव्याला कधीही घेऊ नये. कोळशाचेही तसेच, बाभळीच्या कोळशात गंधक नसते, दगडी कोळशात असते, आणि ते गंधक लोखंडात शिरले तर तापल्या अवस्थेत ते चिरते. भट्टीत दगडी कोळसा आधी जाळून धूर जाऊ द्यावा, मग माल घालावा, असे जुने लोक सांगतात त्याचे कारण हे आहे.

यानंतर 'पाणी देणे'. घडवलेला कोयता लालभडक झाला की पाण्यात किंवा तेलात बुडवतात. त्याने धार काचेसारखी कडक होते आणि काचेसारखीच फुटणारीही होते. म्हणून अंग घासून उजळ करायचे आणि पुन्हा मंद आचेवर धरायचे. उजळ अंगावर रंग चढू लागतात: प्रथम वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला दिसतो, निळा ३०० च्या जवळ. कानशीसारखी कडक धार हवी तर पिवळ्यावर थांबायचे. उसाच्या बुडख्यावर, खाली दगडावर आपटणारा कोयता असेल तर जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे, म्हणजे धार थोडी उतरेल पण तुकडा उडणार नाही. जोड द्यायचा असेल तर टाकणखार भुरभुरवून, पांढऱ्या आचेवर घाव घालायचे. हे सगळे उष्णतामापकाशिवाय, डोळ्यांनी.

माझ्या वर्गात मी मार्टेन्साइट आणि ऑस्टेनाइट शिकवतो. पहिले नाव ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाचे, दुसरे रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रजाचे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची रचना पाहिली, लिहून ठेवली, त्यांना नाव मिळाले. यात माझी काही तक्रार नाही. परंडा किल्ल्यावर एकेकाळी असलेली आणि १६३२ साली विजापूरला नेलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतणाऱ्याचे नावही तोफेवर कोरलेले आहे. राजाच्या तोफेवर नाव कोरले जाते. शेतमजूर बाईच्या खुरप्यावर कोणाचे नाव कोरले गेले? आणि ज्यांच्याजवळ ही विद्या होती त्यांच्यापासून अक्षर दूर ठेवले गेले, म्हणून विद्या बापाकडून पोराकडे हातानेच गेली. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामे वाटते असे म्हणणे अपुरे आहे, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वाटून टाकते. हात आणि अक्षर यांची ताटातूट हे त्या वाटणीचेच फळ आहे. म्हणून या विद्येचे गोडवे गाऊन घिसाड्याच्या पोराने भट्टीवरच बसावे असे मला म्हणायचे नाही. विद्या पुस्तकात यावी, आणि पोराला धंदा निवडण्याची मोकळीक असावी, या दोन्ही गोष्टी एकदमच मागितल्या पाहिजेत.

जुनी हत्यारे

घिसाड्याचा संसार म्हणजे ऐरण, घण, दोन-तीन हातोड्या, सांडशा, छिन्न्या, सुंभे, कानशी आणि भाता. यातले विकत घेतलेले नवे असे क्वचितच काही असते. नव्या ऐरणीची किंमत आवाक्याबाहेरची. म्हणून रुळाचा तुकडा उभा किंवा आडवा लाकडाच्या ओंडक्यात बसवून ऐरण करतात. आजचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचा आणि चांगल्या कर्बाचा, त्यामुळे हातभर तुकडाही पिढ्यान्पिढ्या टिकतो. सांडशी घिसाडी स्वतःच करतो. जो आपली सांडशी आपण करू शकत नाही तो अजून शिकला नाही, असे आमच्यात समजतात. भाता पूर्वी बकऱ्याच्या कातड्याचा होता. पुढे हाताने फिरवायचा बिडाचा पंखा आला. मग सायकलच्या चाकाला पट्टा लावून फिरवायचा पंखा आला. तोही भंगारातूनच.

वाईस, ड्रिल, जुने पाने अशा वस्तू मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारात मिळतात. पुण्याचा जुना बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. घेताना वाईसचा आटा फिरवून पाहावा, जबडे समोरासमोर येतात का पाहावे. हातोडीच्या तोंडाच्या कडेला टवके गेले असतील तर ती घासल्याशिवाय वापरू नये, घावाबरोबर उडालेला टवका डोळ्यात जातो. मुंबईत अशाच बाजाराला 'चोर बाजार' म्हणतात. जुने विकणारा चोर आणि नवे विकणारा व्यापारी, हा हिशेब शब्दकोशातच होऊन बसला आहे.

घणाबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. आमच्यात पुरुष बसून सांडशीने तुकडा धरतो आणि छोट्या हातोडीने घाव कुठे घालायचा ते दाखवतो. उभे राहून घण मारते ती बाई. पोटुशी असतानाही मारते. आणि धंदा मात्र पुरुषाचा म्हणून ओळखला जातो. याच्याशी जुळणारी दुसरी गोष्ट पाहा. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे दर दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर दिली जाते, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' धरतात. माणूस मोजायचे माप म्हणून जे हत्यार वापरले जाते ते हत्यार दुसऱ्या एका जोडीने, मोडक्या पाट्यातून, गावाबाहेर बसून घडवलेले असते. या दोन्ही जोड्यांतली बाई कोणत्याही वहीत स्वतंत्रपणे लिहिलेली नाही.

पावतीचा प्रश्न

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पाटा गॅरेजवाल्याकडून किंवा भंगारवाल्याकडून घेतला जातो. रस्त्यावरून, उकिरड्यावरून लोखंड वेचणाऱ्या बऱ्याच जणी आपल्याच वस्त्यांतल्या बाया. त्या दुकानात घालतात, दुकानदार वजनावर घेतो, आणि ढीग झाला की ट्रक भरून जातो. मराठवाड्यातले बरेच भंगार जालन्याला जाते. तिथले कारखाने विजेच्या भट्टीत ते वितळवून बांधकामाचे गज करतात. कारखान्याला तुकड्याच्या जातीशी देणेघेणे नाही. पाटा, पत्रा, खिळा सगळे एका रसात. म्हणजे ज्या पाट्यातून डझनभर कोयते झाले असते तो गजात विरघळून जातो. घिसाडी ढिगातून निवडून चार किलो मागतो. दुकानदाराला टनाचे गिऱ्हाईक असताना चार किलोचे कशाला? माझ्या लहानपणी आमच्या ओळखीचे एक भंगारवाले चाचा वडिलांसाठी पाटे बाजूला काढून ठेवत. "घेऊन जा बाबा, तुझ्या हाताला लागलं तर लोखंडाचं सोनं हुईल," म्हणत. असा जिव्हाळा हीच आमची पुरवठा-व्यवस्था. कागद मात्र तिच्यात नव्हता.

आणि कागद नसला की काय होते? महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम १२४ प्रमाणे चोरीचा वाटेल असा माल जवळ सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तो गुन्हा आहे. रेल्वे मालमत्तेबाबत १९६६ चा वेगळा कायदा आहे. रेल्वेची मालमत्ता जवळ सापडली, ती चोरीची असल्याचा वाजवी संशय असला, तर ती कायदेशीरपणे आली हे ज्याच्याजवळ सापडली त्याने सिद्ध करायचे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेचा लोहमार्ग उखडणाऱ्या टोळ्यांना आळा घालायला हा कायदा झाला, आणि लोहमार्गाच्या सुरक्षिततेचे महत्त्व मी नाकारत नाही. पण आजोबापासून चालत आलेल्या रुळाच्या ऐरणीची पावती नातवाने कोठून आणायची? रेल्वे आपले भंगार रीतसर लिलावात विकते; तो लिलाव टनांचा, अनामत रकमेचा, आता संगणकावरचा. तिथून कायदेशीरपणे बाहेर पडलेला रूळ तिसऱ्या-चौथ्या हाताला जाताना कागद मागे टाकून येतो. त्यामुळे तोच तुकडा लिलावदाराच्या आवारात मालमत्ता असतो आणि पालासमोर मुद्देमाल होतो.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत घिसाडी १४ विमुक्तांत नाही, २८ भटक्यांत आहे. आज भटक्या जमाती (ब) मध्ये, जिला अडीच टक्के आरक्षण आहे. म्हणजे कागदोपत्री आमच्यावर गुन्हेगारीचा शिक्का नव्हता. परंतु पाल, विस्तव आणि लोखंडाचा ढीग एकत्र दिसला की गावात चोरी झाल्यावर पहिली फेरी तिकडेच होते. माझ्या लहानपणी एका गावी वडिलांना ऐरणीसकट उचलून नेले होते. "पावती दाखव," एवढाच प्रश्न. दोन दिवसांनी वडील परत आले. ऐरण आली नाही. त्या पेरणीला आम्ही दगडावर खुरपी घडवली.

कराची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. हाताने वापरायची शेतीची अवजारे, म्हणजे कुदळ, खुरपे, कुऱ्हाड, यांवर वस्तू व सेवा कर नाही. लोखंडाच्या भंगारावर मात्र १८ टक्के आहे. दुकानदार नोंदणीकृत असेल आणि पक्की पावती हवी असेल तर घिसाड्याला १८ टक्के जास्त मोजावे लागतात. घडवलेल्या मालावर कर नसल्यामुळे ती रक्कम कोठे वळतीही करता येत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले तर कराची जबाबदारी व्यापाऱ्यावर टाकली आहे. हिशेबाच्या दृष्टीने हे ठीक असेल. पण तळाशी परिणाम असा की पावती ही गरिबाला विकत घ्यावी लागणारी वस्तू झाली आहे. जो ती घेत नाही तो स्वस्तात माल घेतो आणि संशयही घेतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ व्यवसायांत लोहार आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप. तिचा लाभ घेता येईल तेथे अवश्य घ्यावा. पण तिच्या रचनेत दोन गोष्टी आमच्या आड येतात. पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. ज्याचे गावच ठरलेले नाही त्याला कोणती ग्रामपंचायत आपला म्हणेल? आणि एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी; घण मारणारी पुन्हा बाहेरच. शिवाय हत्यार मिळाले तरी लोखंड कोठून आणायचे आणि भट्टी कोठे लावायची, याविषयी योजनेचे हे लाभ काही सांगत नाहीत.

काय मागायचे?

या प्रश्नाला पूर्वी उत्तर सापडलेले आहे. १९९३ साली पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि पुढे पुणे महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. 'चोरटी' म्हणून हटकली जाणारी बाई त्या कार्डाने कामगार ठरली. त्या बायांचा माल आणि आमचा माल एकाच ढिगातला आहे. म्हणून लढाही शेजारीशेजारी असला पाहिजे.

माझ्या मते मागण्या अशा असाव्यात. भट्टीवर काम करणाऱ्या नवरा-बायको दोघांच्या नावाने व्यवसायाचे ओळखपत्र मिळावे. त्याबरोबर एक साधी खरेदीवही असावी. भंगारवाल्याने किंवा गॅरेजवाल्याने तारीख, वजन आणि सही त्यात करावी, आणि पोलिसांनी ती खुलासा म्हणून मान्य करावी. आज घरोघर असलेल्या जुन्या रुळाच्या ऐरणींची एकदा पंचनाम्यासह नोंद करून त्या विषयावर पडदा टाकावा. एसटीच्या आणि सरकारी वाहनांच्या मोडीत निघालेल्या पाट्यांचा लहानसा हिस्सा लिलावाबाहेर ठेवून नोंदणी झालेल्या लोहार-घिसाड्यांना किलोवर विकावा. आठवडी बाजारात आणि येरमाळ्याच्या चैत्री पौर्णिमेसारख्या यात्रांत भट्टीला जागा आखून द्यावी. यातली एकही मागणी तिजोरीला जड नाही.

तोवर शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी करण्यासारखे एक काम आहे. सोयाबीनच्या काढणीआधी आपल्या गावाबाहेर पाले पडतात. विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गातली मुले तिथे न्यावीत, पाणी देताना चढणारे रंग त्यांना दाखवावेत, आणि परत येऊन फळ्यावर तापमानाचे आकडे मांडावेत. पालावरची मुले त्याच वर्गात बसवावीत. आणि कार्यकर्त्याने जाताना दोनशे पानी वही आणि एक पेन न्यावा, पहिल्या पानावर दोघांची नावे लिहावीत, आणि जवळच्या भंगारवाल्याकडे जाऊन त्या दिवशीच्या पाट्याची पहिली नोंद स्वतः समोर उभे राहून करून घ्यावी. शासन ओळखपत्र देईल तेव्हा देईल. पोलीस पालावर येईल त्या दिवशी ती वही उपयोगी पडेल.